न आलेल्या पेशंटची यादी

एका तरुण डॉक्टर मॅडमनी विचारलंय: "अक्कलकोट रोडला दवाखाना टाकून दीड वर्ष झालं. रोज साठ-सत्तर पेशंट असतात. सॉफ्टवेअरवाला वर्षाला तीस हजार मागतोय, शिवाय आभा नंबर, सरकारचं एबीडीएम (आयुष्मान भारत डिजिटल मिशन) असं बरंच काही सांगून गेला. आपल्यासारख्या देशात, जिथे लाईट जाते, पेशंटला स्वतःच्या गोळीचं नाव सांगता येत नाही, तिथे या डिजिटल रेकॉर्डचा खरंच फायदा आहे, की नुसतं फॅड आहे?"

मॅडम, फायदा आहे, आणि मोठा आहे. फक्त सॉफ्टवेअरवाला सांगतो तो नाही. तो सांगतो वेळ वाचेल, कागद वाचेल, छापील चिठ्ठीने दवाखान्याची छाप पडेल. कागद थोडाफार वाचतो. वेळ पहिले सहा महिने वाचत नाहीच, उलट साडेनऊला संपणारी ओपीडी साडेदहाला संपते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडणार नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात फिजिशियन म्हणून पंचवीसएक वर्षं बसतोय. माझे पेशंट म्हणजे लूमवरचे कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, आणि सीमेपलीकडून, कर्नाटकातल्या इंडी, आळंदहून सकाळच्या एसटीने येणारी मंडळी. पहिली बारा वर्षं माझ्याकडेही केस पेपरच होते. तीन लोखंडी कपाटं, आडनावाप्रमाणे लावलेले गठ्ठे, आणि ते गठ्ठे फक्त आमच्या कंपाउंडरलाच समजत. तो रजेवर असला की सगळे पेशंट नवीन. बाकीचं रेकॉर्ड पेशंटच्या हातात, साडीच्या दुकानाच्या पिशवीत: रिपोर्ट, एक्स-रे, जुन्या चिठ्ठ्या, लाइटबिल, रेशनकार्डाची झेरॉक्स, सगळं एकत्र.

त्यांच्यात विड्या वळणाऱ्या एक मावशी होत्या. बीपी छान आटोक्यात होतं. एक दिवस मुलाने त्यांना उचलून आणलं, डावी बाजू गेलेली, तोंड वाकडं. केस पेपर बऱ्याच वेळाने सापडला. त्यावरची शेवटची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती. पेपर तसा नमुनेदार होता, माझ्याच अक्षरात, खाली लिहिलेलं 'पुढच्या महिन्यात दाखवणे'. पुढच्या महिन्यात त्या आल्या नव्हत्या. त्याच्या पुढच्याही नाही. कपाटाला ते कळायचं कारण नव्हतं, आणि मला कपाटातूनच काय ते कळायचं. समोर सत्तर माणसं बसलेली असताना एकाहत्तरावं माणूस आलेलं नाही हे कोणाच्या लक्षात येणार?

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. कागद आलेल्या माणसाची नोंद उत्तम ठेवतो. न आलेल्याची ठेवत नाही. आणि बीपी, शुगर, टीबी, फिट्स, गरोदरपण यांत माणूस मरतो तो बहुतेक वेळा न आल्यामुळे मरतो.

२०१२ च्या सुमारास मी कॉम्प्युटर घेतला. पहिले काही महिने फक्त बीपी आणि शुगरचे पेशंट त्यात भरले, सर्दी-खोकला जुन्या पद्धतीनेच चालू ठेवला. मग एका रविवारी दुपारी यादी काढली: तीन महिन्यांपासून न आलेले. यादी पानामागून पान निघत राहिली. त्या दिवसापर्यंत मी स्वतःला बरा फिजिशियन समजत होतो.

आमच्या सिस्टरना तेलुगू येतं, कन्नड कामापुरतं. रोज दुपारी दोन ते तीन त्या यादी घेऊन फोन करायला बसू लागल्या. त्या तासाने मला जे शिकवलं ते एमडीच्या तीन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. काहीजण दुसऱ्या डॉक्टरकडे गेले होते. ठीक आहे, गोळ्या तर घेत होते. काही भिवंडीला मुलाकडे गेलेले. पुष्कळजण रिकामं पाकीट मेडिकलमध्ये दाखवून त्याच गोळ्या वर्षभर घेत होते, मध्ये एकदाही बीपी न मोजता. 'बरं वाटलं म्हणून बंद केल्या' हे तर सगळ्यात जास्त. आणि एका आजोबांनी सांगितलं, मागच्या वेळचे दोनशे रुपये द्यायचे राहिलेत, म्हणून यायला लाज वाटते. मला त्या दोनशे रुपयांची आठवणही नव्हती. एका घरी सुनेने फोन उचलला, म्हणाली, "त्या गेल्या की, दिवाळीच्या आधीच." सिस्टरनी त्या दिवशी पुढचे फोन केले नाहीत.

फोन केलेल्यांपैकी बरेच परत आले. सगळे नाही.

आता तुमचा 'आपल्यासारख्या देशात' हा प्रश्न. श्रीमंत देशांत हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमागे बिलाचा आणि विम्याचा मोठा रेटा होता. गरीब देशांत ही यंत्रं मुख्यतः एचआयव्ही आणि टीबीमुळे आली, कारण या रोगांत पेशंट मध्येच सुटला तर तो स्वतः तर जातोच, शिवाय औषधाला न जुमानणारा जंतू मागे ठेवून जातो. केनियाच्या पश्चिम भागात मोसोरियट नावाच्या साध्या ग्रामीण आरोग्यकेंद्रात २००१ मध्ये कॉम्प्युटरवर रेकॉर्ड सुरू झालं. तिथल्या अनुभवातून २००४ मध्ये ओपनएमआरएस ही सगळ्यांना फुकट वापरता येणारी प्रणाली उभी राहिली आणि पुढे कितीतरी देशांत गेली. मलावीत कीबोर्डला कधी हात न लावलेल्या कर्मचाऱ्यांसाठी बोटाने चालवायचे टचस्क्रीन बसवले. आपल्याकडे छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगचं हॉस्पिटल आहे. त्यांच्या गरजेतून ओपनएमआरएसवरच बेतलेलं 'बाह्मनी' तयार झालं, तेही फुकट. थोडक्यात, लाईट जाते आणि पेशंट अडाणी आहे या अडचणी धरूनच ही कामं झालेली आहेत. तिथली लाईट आपल्यापेक्षा नियमित होती असं समजू नका.

पण केनियापर्यंत जायचं कशाला? बार्शी आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांत माणसं फिरली आणि कोणाला कुठला कर्करोग झाला याची नोंद होऊ लागली. त्या काळी असली साधनं कुठली होती! पुढे याच हॉस्पिटलने टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांची पाहणी केली. वय ३० ते ५९, गावांचे ५२ गट. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची (हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची) तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. तो काढता आला कारण कोणत्या गावातल्या कोणत्या बाईची तपासणी झाली, कोणाची राहिली, आणि आठ वर्षांनी ती कशी आहे, हे त्यांना सांगता येत होतं. मी विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगतो, कारण यादी ठेवायची सवय आधी लागली पाहिजे. मशीन त्यानंतर आलं तरी चालतं.

सरकारी पातळीवरही जिथे यादीचं काम नीट झालं तिथे गुण आला. टीबीचं निक्षय पोर्टल २०१२ पासून आहे, आणि त्याच वर्षी खासगी डॉक्टरांनाही टीबीचा पेशंट कळवणं सक्तीचं झालं. तुम्ही कळवत असालच. नसाल तर आजपासून कळवा, पोषण आहाराचे पैसे पेशंटच्या खात्यावर त्याच नोंदीवरून जातात. बीपीसाठी २०१७ च्या शेवटी जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला त्यात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. तिथे 'सिंपल' नावाचं मोबाइल अ‍ॅप वापरलं गेलं. पेशंटकडे एक क्यूआर कोडचं कार्ड. नर्सने ते स्कॅन करायचं, बीपी टाकायचं, गोळ्या टाकायच्या, पुढची तारीख टाकायची, संपलं. तारीख उलटून गेलेल्यांची यादी अ‍ॅपच दाखवतं आणि तिथूनच फोन लावता येतो. ज्याने कोणी ते बनवलं त्याने ओपीडीत बसून पाहिलेलं आहे, हे लगेच कळतं.

दुसरा फायदा मला उशिरा कळला. आकडे एका ओळीत दिसणं. पन्नाशीचा लूम कामगार, शुगर आहे, दिवसभर उभं राहून गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतो, जी तो मला कधी सांगत नाही. क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढत गेला की किडनी बिघडतेय समजायचं) ०.९. आठ महिन्यांनी १.१. पुढच्या वर्षी १.३. प्रत्येक रिपोर्ट वेगळ्या लॅबचा, वेगळ्या पिशवीतला. प्रत्येकाकडे पाहून मी 'ठीक आहे' म्हणून मान हलवलेली. स्क्रीनवर तिन्ही एकाखाली एक आले तेव्हा किडनी हळूहळू चाललीय हे शिकाऊ डॉक्टरलाही दिसलं असतं. गोळी बंद केली, बाकीची औषधं बदलली. अजून तो डायलिसिसवर गेलेला नाही, हिवाळ्यात माझ्यासाठी हुरडा कधी मिळेल ते सांगायला येतो. तीच सोनोग्राफी तीनदा होणं वाचतं, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी ते लाल अक्षरांत दिसतं, हे फायदेही आहेत, पण ते कुठल्याही जाहिरातीत वाचायला मिळतील.

कायद्याचं मात्र लक्षात ठेवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं असतं, आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असतं. आज तुमच्याकडे खाटा नसतील, उद्या असतील. कपाटातून ७२ तासांत काढून दाखवा!

आता आभा. एबीडीएम २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. आभा म्हणजे पेशंटच्या आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठीचा चौदा आकडी नंबर. सगळी माहिती दिल्लीत एका ठिकाणी गोळा होते हा गैरसमज आहे: जिथे तयार झाली त्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये ती राहते, आणि पेशंटने परवानगी दिली तरच दुसऱ्याला दिसते. कल्पना उत्तम, आणि आपल्या जिल्ह्याला तर नेमकी हवी तशी. ऊसतोडीला बीडकडून येणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. गरोदर बाईच्या चार तपासण्या चार ठिकाणी होतात. आषाढीला पंढरपुरात शुगर खाली जाऊन पडलेल्या वारकऱ्याच्या खिशात बुक्क्याची पुडी असते, औषधाची चिठ्ठी नसते. अशा माणसाची मागची नोंद समोर आली तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण नुसतं कार्ड निघालं म्हणून नोंद तयार होत नाही. माझ्याकडे कार्ड घेऊन येणाऱ्या पुष्कळांच्या खात्यात अजून एकही कागद जोडलेला नाही, कारण कुठल्याच दवाखान्याने तो जोडलेला नाही. कार्ड काढणं सोपं आहे, त्याचा फोटो काढता येतो. तुम्ही तुमच्या दवाखान्याची आणि स्वतःची नोंदणी करून घ्या, पेशंटला आभा जोडा, पण त्यावर विसंबून आपली यादी सोडू नका.

नावांचा घोळ हा एक स्वतंत्र धडा आहे. आमच्या भागात एकाच गल्लीत चार लक्ष्मी आणि तीन नरसय्या. तेलुगू आडनाव मराठी माणसाने इंग्रजीत लिहिलं की त्याची पाच स्पेलिंगं होतात. मोबाइल नंबर घरात एकच, तोही धाकट्या मुलाचा; त्याने शोधलं तर सहा पेशंट येतात. जन्मतारीख विचारू नका, निम्म्या लोकांच्या आधारवर १ जानेवारी आहे. मी नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, मोबाइल आणि गल्ली असं चार गोष्टींनी ओळखतो, आणि औषध लिहिण्याआधी पेशंटला त्याचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायला लावतो. एकदा सासूच्या नोंदीत सुनेची शुगर भरली गेली होती. दोघींचं नाव एक, आडनाव अर्थात एकच. नशिबाने वेळीच ध्यानात आलं. कोऱ्या नोंदीपेक्षा चुकीच्या माणसाची नोंद जास्त घातक, कारण तिच्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो.

भरायचं किती? कमीत कमी. सॉफ्टवेअरमध्ये दोनशे रकाने असतात, विकणारा ते अभिमानाने दाखवतो. तुम्हाला पाच हवेत: आजार (यादीतून निवडून, टाइप केला की 'डीएम', 'शुगर', 'मधुमेह' हे कॉम्प्युटरला तीन आजार वाटतात), बीपी, शुगर, औषधं आणि पुढची तारीख. शेवटचा रकाना रिकामा सोडाल तर सगळी यंत्रणा गेली, कारण कधी यायचं होतं हेच माहीत नसेल तर आला नाही हे कशावरून ठरवणार? वजन-बीपी कंपाउंडरला बाहेरच भरू द्या. आणि केस पेपरवर आपण सगळे जे 'सीएसटी' (कंटिन्यू सेम ट्रीटमेंट) खरडतो ते इथे करू नका. 'आधीचंच चालू' असं दहा वेळा लिहिलेल्या नोंदीतून नेमकं काय चालू होतं ते पुढे कोणालाच सापडत नाही. स्क्रीन तुमच्या आणि पेशंटच्या मध्ये नको, बाजूला ठेवा. सुरुवातीला एक आजीबाई बाहेर जाऊन म्हणाल्या होत्या, "डॉक्टर माझ्याकडं बघतच न्हवतं, टीव्ही बघत हुतं." बरोबर होतं त्यांचं.

माझी एक फजिती ऐका. पहिली चार वर्षं बॅकअप घेत होतो, नेमाने, रोज रात्री. त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये! हार्ड डिस्क गेली तेव्हा दोन्ही गेलं. सुदैवाने यादीच्या छापील प्रती सिस्टरनी फेकल्या नव्हत्या, त्यावरून अर्धं पुन्हा उभं केलं. तेव्हापासून एक प्रत घरी जाते. दुसरी फजिती अशी की पहिली कंपनी बदलायची ठरवली तर ते डेटा द्यायलाच तयार होईनात. द्यायचा तर वेगळे पैसे. माझ्याच पेशंटची माहिती, मीच भरलेली. म्हणून पैसे देण्याआधी लेखी घ्या की मागाल तेव्हा सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल. आणि इंटरनेट गेलं तर काय करायचं ते त्यालाच तुमच्यासमोर वायर काढून दाखवायला सांगा. इन्व्हर्टर तर तुमच्याकडे असेलच, नाहीतर अक्कलकोट रोडला दवाखाना चालणार कसा.

गुप्ततेचं सांगायचं राहिलं, आणि तिथे मी जरा कडक आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि एवढं मोठं हॉस्पिटल कितीतरी दिवस हाताने कागदावर चाललं. तशी पाळी कोणावरही येऊ शकते, म्हणून कोऱ्या केस पेपरचा एक गठ्ठा माझ्याकडे आजही आहे. पण आपल्या गावात माहिती फुटते ती बहुधा काउंटरवरून. सगळ्यांचा पासवर्ड एक, तोही मॉनिटरला चिकटवलेला. रिपोर्टचा फोटो कोणाच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर. एकदा एका कारखानदाराचा माणूस विचारायला आला होता की अमक्या कामगाराला टीबी आहे का, कामावर ठेवायचं की नाही ते ठरवायचंय. कपाटाच्या काळात कंपाउंडरला शोधायला अर्धा तास लागला असता, तेवढ्यात विचार करायला सवड मिळाली असती. आता दोन बटणांत उत्तर हजर असतं. मी त्याला चहा न देता परत पाठवला. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं, आणि एचआयव्ही, टीबी, गर्भपात या नोंदी कंपाउंडरच्या लॉगिनला दिसता कामा नयेत. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, तो वाचा. तो नसता तरी हे करायलाच हवं होतं.

राहता राहिले तीस हजार. लगेच देऊ नका. आधी तीन महिने साध्या एक्सेलवर, किंवा वहीवर म्हणा, फक्त बीपी-शुगरचे पेशंट आणि त्यांची पुढची तारीख लिहा. दुपारचा एक तास फोन करायला एक माणूस नेमा, पेशंटच्या भाषेत बोलणारा. हे तीन महिने टिकलं तर सॉफ्टवेअरवाल्याला पुन्हा बोलवा आणि त्याच्या लॅपटॉपवर एकच गोष्ट दाखवायला सांगा: मागच्या महिन्यात कोण यायचे होते आणि आले नाहीत. दोन क्लिकमध्ये नावं आणि फोन नंबर समोर आले तर घासाघीस करून पंचवीसला घ्या. 'ते पुढच्या अपडेटमध्ये येईल मॅडम' म्हणाला, तर त्याला मात्र चहा द्या आणि अपडेट आल्यावर या म्हणावं.